सेफ्टी वीकची फिल्म

आमच्या कारखान्यात फिल्म सुरू होण्याआधी सह्या घेतल्या जायच्या. फिल्म संपल्यावर कामगार थांबत नाहीत, सरळ कँटीनला पळतात, असं देवधरसाहेबांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. देवधर सेफ्टी ऑफिसर होते. दरवर्षी चार मार्चला सेफ्टी वीक सुरू झाला की ट्रेनिंग रूममध्ये टीव्ही आणि व्हीसीआर मांडला जाई आणि दारात टेबलावर रजिस्टर ठेवलं जाई. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं असे, 'खाली सही करणाऱ्यांनी प्रशिक्षण घेतले असून त्यांना ते समजले आहे.' सही करायची आणि आत जाऊन बसायचं.

मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट होते. रबाळ्याच्या पट्ट्यातला दोनशे माणसांचा कारखाना, रंगाला लागणारी रसायनं बनवणारा. कामगार बहुतेक आसपासच्या गावांतले, तळवलीचे, घणसोलीचे. काही आमच्यासारखे साताऱ्याकडून आलेले. चौऱ्याण्णव साली मुंबईच्या ऑफिसातून नवी कॅसेट आली. विषय होता बंद टाकीत उतरताना घ्यायची काळजी. पस्तीस मिनिटांची इंग्रजी फिल्म. देवधरांनी ती मला दिली.

"मॅडम, घरी बघून मराठीत लिहून काढा. फिल्म चालू असताना तुम्ही शेजारी उभं राहून सांगा. नाहीतर आमचे लोक नुसतेच बघत बसतात."

जुईनगरच्या आमच्या घरात मी आणि आई अशा दोघीच. व्हीसीआर मी आदल्या वर्षी सेकंडहँड घेतला होता. तीन मार्चच्या संध्याकाळी मी फिल्म दोनदा थांबवत थांबवत पाहिली आणि चार पानं लिहून काढली. लिहिताना मला ती फिल्म चांगली वाटली. तिच्यात तीनच गोष्टी होत्या आणि त्या पुन्हा पुन्हा सांगितल्या होत्या.

काम झाल्यावर मी माझी फिल्म लावली. स्टेशनजवळच्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेला इंग्लंडातला एक जुना विनोदी चित्रपट. त्याला गोष्ट नव्हती. पाच-सहा नट, छोटे छोटे प्रसंग, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आणि सगळे जण अतिशय गंभीर चेहऱ्यानं वेडेपणा करत असत. एम.एस्सी. करताना तो मी कुणाच्या तरी घरी पाहिला होता आणि तेव्हापासून मला आवडायचा. लायब्ररीवाला म्हणे, "मॅडम, ही कॅसेट तुमच्याशिवाय कोणी नेत नाही. तुमीच ठेवा."

"अगं, जेवणं होऊ देत की," आई म्हणाली. "त्या टोपीवाल्यांना काय धाड भरलीया?"

मी दहा मिनिटांत बंद केलं आणि जेवायला बसले. दोन्ही कॅसेट काळ्या. लायब्ररीवाला चिठ्ठी डब्यावर चिकटवायचा, कॅसेटवर नाही. कंपनीच्या कॅसेटवरची चिठ्ठी दमट हवेनं सुटून डब्यात पडली होती. सकाळी मी व्हीसीआरमधली कॅसेट काढून एका डब्यात घातली, टीव्हीवर पडलेली दुसऱ्यात. तपासलं नाही. प्रयोगशाळेत मी बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय बूच उघडत नाही. घरी तशी सवय नव्हती.

चार तारखेला साडेअकराला फिल्म होती. अकरा वाजता एका बॅचचा नमुना नापास झाला आणि मला प्लँटमध्ये बोलावलं. मी कॅसेट आणि चार पानं देवधरांना दिली. त्यांनी कॅसेट लावली, दिवा बंद केला, पानं खिशात घातली आणि फोन घ्यायला गेले. खोलीत सव्वीस माणसं होती. बारा वाजून दहा मिनिटांनी जेवणाचा भोंगा झाला, तेव्हा देवधरांनी येऊन टीव्ही बंद केला.

संध्याकाळी घरी मी माझा चित्रपट पुढे बघायला घेतला आणि पडद्यावर टाकी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी मी देवधरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. आधी त्यांना हसू आलं, मग त्यांनी दार लावलं.

"कोणी तक्रार केली?"

"नाही."

"सव्वीस जणांपैकी एकानं पण?"

"नाही. साहेब, पण ती फिल्म परत दाखवायला हवी."

"मॅडम, सह्या झाल्यात. रिपोर्ट मुंबईला गेला. आता परत सव्वीस माणसं लाइनवरून काढायची म्हटली तर प्रॉडक्शनवाले मला उभा चिरतील. कशासाठी म्हणून सांगू? आमच्या केमिस्टनं कॉमेडी लावली म्हणून? तुमचंच नाव येईल." त्यांनी खिशातली चार पानं काढून मला परत दिली. "पुढच्या वर्षी हीच लावू. जपून ठेवा. टेन्शन नका घेऊ."

मी कॅसेट बदलून घेतली आणि पानं ड्रॉवरमध्ये ठेवली. माझं नाव येईल हे मला पटलं होतं. त्या दिवशी मी एवढाच विचार केला.

एकोणीस ऑक्टोबरला दुपारी तीन वाजता प्लँटमधला कामगार दिपेश मढवी रिअॅक्टरमध्ये उतरला. आतली भिंत खरवडायची होती. रिअॅक्टर म्हणजे पाच हजार लिटरची बंद टाकी, वरती माणूस जेमतेम जाईल एवढं झाकण. आदल्या पाळीत आग लागू नये म्हणून तिच्यात नायट्रोजन भरलेला होता. टाकीत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, म्हणजे परमिटवर, ऑक्सिजनच्या रकान्यात बरोबरची खूण होती. ऑक्सिजन मोजायचा मीटर मात्र सहा महिने बंद होता. झाकणापाशी पहाऱ्याला दिपेशचा चुलतभाऊ मधुकर होता. टाकीतून सॉल्व्हंटचा वास येत होता, म्हणून मधुकरनं भिंतीवरचा डबीचा मास्क काढून दिपेशला दिला. दिपेश शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली पडला. मधुकर ओरडत ऑफिसकडे धावला. दिपेशला बाहेर काढायला बारा मिनिटं लागली. दिपेश सव्वीस वर्षांचा होता.

डबीच्या मास्कमध्ये कोळसा असतो. तो सॉल्व्हंटची वाफ धरून ठेवतो. ऑक्सिजन तयार करत नाही. नायट्रोजननं भरलेल्या टाकीत तो मास्क घालणं आणि न घालणं सारखंच. त्या फिल्ममधल्या तीन गोष्टींपैकी ही पहिली होती.

कारखान्यानं मधुकरला निलंबित करून चार्जशीट दिली. चार मार्चला प्रशिक्षण घेतलेलं असूनही त्यानं चुकीचा मास्क दिला, कमरेला दोरी बांधली नाही आणि जागा सोडून पळून गेला. सोबत रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. सतराव्या ओळीत दिपेशची सही, अठराव्या ओळीत मधुकरची.

चौकशी डिसेंबरमध्ये सुरू झाली. चौकशी अधिकारी मुंबईहून यायचे. कोर्टातून निवृत्त झालेले वयस्क गृहस्थ होते, मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. कामकाज इंग्रजीत. पण कामगाराला सगळं त्याच्या भाषेत सांगितलं पाहिजे असा नियम असतो. दुभाषी म्हणून कंपनीनं मला नेमलं. देवधरांनीच माझं नाव सुचवलं होतं. मी शांत आहे आणि माझं इंग्रजी चांगलं आहे, असं त्यांनी सांगितलं म्हणे.

पहिल्या बैठकीत देवधर एका बाजूला बसले, मधुकर एका बाजूला, मध्ये मी. टायपिस्ट खिडकीपाशी. मधुकर तेहेतीस-चौतीसचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता.

"ही तुमची सही?" अधिकाऱ्यांनी विचारलं. मी मराठीत विचारलं.

"माजी हाय."

"त्या दिवशी फिल्म पाहिली?"

"बगितली."

"झोपला नव्हता?"

"नाय साहेब. पुढंच बसलो व्हतो."

"मग फिल्ममध्ये काय शिकवलं, ते सांगा."

मधुकरनं घसा साफ केला. परीक्षेला बसलेल्या माणसासारखे त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पयला एक साहेब व्हता. गोल हॅट घातलेला. तो खुर्चीवरनं कसा उठायचा तं शिकवत व्हता. फळ्यावर काडी लावून. सात नंबर व्हते. पन त्याला सोताला उठायला जमत नव्हता. मंग दोगं आले नि त्याला खुर्चीसकट उचलून घेऊन गेले."

मी ते इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही, जास्त केला नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"पुढे?"

"मंग दोन साहेब दारात. एक म्हनतो तुमी जावा, दुसरा म्हनतो तुमी जावा. कोनच जात नाय. तवर गवंडी येतात नि दार वीट लावून बंद करतात. तं मला समजला. फायर एक्झिट अडवायचा नाय." तो थोडा थांबला. "मंग एक मिल्ट्रीचा मोठा साहेब चहाच्या किटलीला बिल्ला लावतो. तं नाय समजला. तवर भोंगा झाला."

मी हेही सांगितलं. देवधर हातातल्या फाइलकडे बघत होते.

"त्याला सांगा," अधिकारी मला म्हणाले, "एक माणूस मेला आहे. त्याचा स्वतःचा भाऊ. ही थट्टेची जागा नाही."

मी सांगितलं. मधुकर म्हणाला, "मी खरा सांगतो साहेब."

टायपिस्टला त्यांनी एक वाक्य दिलं: आरोपी कामगारानं प्रश्नांना उडवाउडवीची, थट्टेखोर उत्तरं दिली. मी ते वाक्य मधुकरला मराठीत सांगितलं. ते माझं काम होतं. त्यानं सही केली. पुढची तारीख आठवड्यानंतरची पडली.

बाहेर हात धुवायच्या नळाशी तो माझी वाट बघत उभा होता.

"मॅडम, मी खोटा बोललो का?"

"नाही."

"मंग ते साहेब असं का बगत व्हते? दुसऱ्या कोनाला मी इचारला नसता. पन तुमी शिकलेल्या हाव. एक सांगाल का?"

"काय?"

"त्या खुर्चीचा टाकीत काय उपेग असतो?"

मी नळ सोडून हात धुवायला लागले.

"रोज ती फिल्म डोल्यासमोर आनतो. सात नंबर व्हते फळ्यावर. एक एक आठवतो. त्यातच कायतरी असनार, मास्कचा, टाकीचा. इंग्लिश व्हता म्हनून मला नाय समजला. समजला असता तं दिपेश..." त्यानं नळ बंद केला. "गावात बोलतात, भाव आत पडला नि हा पलाला. बोलू दे. पन फिल्म बगून पन मला नाय समजला, ह्याचा काय करू?"

घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं, मार्चपासून. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तू बोललीस तर नोकरी जाईल?"

"जाईल."

"दुसरी मिळंल?"

"माहीत नाही."

"आन् न बोललीस तर त्याची जाईल." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मग जाऊन सांग. पण घरी येऊन रडायचं न्हाई. माझ्याच्यानं बघवायचं न्हाई."

दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला मी अधिकाऱ्यांना म्हटलं की मला दुभाषी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून बोलायचं आहे. आणि चार मार्च, पाच मार्च, दोन कॅसेट, देवधरांच्या खोलीतलं बोलणं, या क्रमानं सांगितलं. तारखा आणि वेळा सांगितल्या. देवधर उभे राहिले.

"सर, मॅडमची तब्येत बरी नसते अलीकडे. दिपेशच्या घटनेचा त्यांच्या मनावर परिणाम झालाय. कंपनीची कॅसेट माझ्या कपाटात आहे. आत्ता लावून बघा, तिच्यात टाकीचीच फिल्म आहे."

"असणारच," मी म्हटलं. "पाच तारखेला मीच बदलली. पण मधुकर मढवींनी मागच्या वेळी जे सांगितलं, ते या कॅसेटमध्ये आहे." आणि मी पर्समधून लायब्ररीची कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला आणि सगळ्यांना ट्रेनिंग रूममध्ये नेलं. तोच टीव्ही, तोच व्हीसीआर. मधुकर पुन्हा पुढच्या रांगेत बसला. मी त्याच्या शेजारी.

गोल हॅटवाला माणूस पडद्यावर आला, फळा आला, सात आकडे आले. मधुकर कुजबुजला, "हाच. आता दोगं येतील बगा." दोघं आले. खुर्ची उचलली गेली. अधिकारी हसले. त्यांनी लगेच रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. दारातल्या प्रसंगाला त्यांना पुन्हा हसू आलं आणि या वेळी आवाज बाहेर पडला. टायपिस्टही हसली. मला तो प्रसंग पाठ होता आणि पाठ असूनही तिथं हसू येतं हे मला माहीत होतं. मी खाली बघितलं.

मधुकर मान वळवून अधिकाऱ्यांकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ही हसायची फिल्म हाय?"

"हो."

"सगली?"

"सगळी."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. गवंडी शेवटची वीट लावत होते.

"दिपेशला हसू आलता," तो म्हणाला. "फुटलाच व्हता. मी त्याला कोपर मारला. म्हनलो गप, सेफ्टीचा हाय, शिकून घे."

अधिकाऱ्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. मागच्या बैठकीतलं थट्टेचं वाक्य त्यांनी खोडायला लावलं. मग म्हणाले, नोंद पूर्ण व्हावी म्हणून मूळ फिल्मही बघावी लागेल. कामगाराला काय दाखवायला हवं होतं आणि काय दाखवलं गेलं नाही, हे कागदावर यायला हवं. आणि नियमाप्रमाणे ती त्याला त्याच्या भाषेत सांगितली जावी.

मी लॅबमध्ये जाऊन ड्रॉवरमधली चार पानं घेऊन आले.

फिल्म सुरू झाली. मी टीव्हीशेजारी उभी राहून वाचत गेले. हवेत शंभरातले एकवीस भाग ऑक्सिजन असतो. दहाच्या खाली गेला की माणूस बेशुद्ध होतो. सहाच्या खाली दोन-तीन श्वासांत पडतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, त्यामुळे पडणाऱ्याला आधी काही कळत नाही. डबीचा मास्क इथे उपयोगाचा नाही. बाहेरून नळीनं हवा येणारा मास्कच हवा. आत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोरी बांधायची. दोरीचं दुसरं टोक झाकणापाशी उभ्या माणसाच्या हातात. आतला पडला तर पहारेकऱ्यानं आत जायचं नाही, जागा सोडून पळायचं नाही, दोरीनं ओढायचं आणि ओरडायचं.

पडद्यावर एक माणूस पडला. दुसऱ्यानं दोरी ओढली. पहिला बाहेर आला, त्याला तोंडानं श्वास दिला, तो खोकला आणि उठून बसला. फिल्म संपली.

मधुकरनं इतका वेळ एकदाही मध्ये विचारलं नव्हतं. आता तो म्हणाला, "दोरी व्हती तिथं."

"काय म्हणतो?" अधिकाऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"ड्रम बांधायची. नायलॉनची. हुकाला लटकलेली, माज्या हाताच्या मागं." त्यानं बसल्या बसल्या हात मागे नेऊन दाखवला. "मॅडम, ती बांधली असती नि ओडला असता तं?"

याचं उत्तर मला नक्की माहीत होतं. सांगता येत नाही, असं म्हणायला हरकत नव्हती. त्याचं इंग्रजीत भाषांतर करायचीही गरज पडली नसती. पण दोन महिने तो सात आकड्यांमध्ये उत्तर शोधत होता, आणि तिथं उत्तर नव्हतं हे मला माहीत होतं.

"मेंदूला ऑक्सिजन नसेल तर चार मिनिटं हातात असतात," मी म्हटलं. "दोरीनं ओढायला एक मिनिट लागलं असतं. फार तर दीड."

"म्हंजे वाचला असता."

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"वाचला असता."

त्यानं मान हलवली. सही करायला सांगितल्यावर सही केली आणि गेला.

निकाल जानेवारीत आला. प्रशिक्षण दिलं गेलं नव्हतं, म्हणून मधुकर मढवींवरचे तिन्ही आरोप सिद्ध होत नाहीत. त्यांना कामावर घ्यावं. देवधरांची गुजरातमधल्या कारखान्यात बदली झाली. मला राजीनामा द्यायला सांगितलं. बंद मीटरबद्दल आणि परमिटवरच्या खुणेबद्दल निकालात काही नव्हतं, कारण चार्जशीटमध्येही काही नव्हतं.

माझ्या शेवटच्या दिवशी चार वाजता मी गेटबाहेर आले तेव्हा मधुकर समोर उभा होता. सोमवारपासून त्याला बोलावलं होतं, तो गेला नव्हता.

"माज्यासंगं काकीकडं चला," तो म्हणाला. "दिपेशच्या आयकडं."

"आत्ता?"

"सगला गाव मला बोलला, काकी नाय बोलली. सगल्यांना सांगते, माज्या मधूनं त्याला वाचवाया मास्क दिला, त्याचा काय चुकला. रोज मला जेवाया घालते. तिच्या घरातला घास आता घशाखाली जात नाय. पन मला नीट सांगता येनार नाय. एकवीस टक्के, सहा टक्के. तुमी सांगा."

"माझंही सांगावं लागेल."

"सांगा तुमचा पन."

तळवलीत दिपेशचं घर तीन मजली होतं. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बांधलेलं. वरचे दोन मजले भाड्यानं दिलेले. दिपेशच्या आई, मालतीबाई, ओटीवर बसून सुका जवळा निवडत होत्या. मधुकरला बघून त्यांचा चेहरा जरा उजळला.

"आलास? नि ही बाय कोन?"

"कंपनीतल्या मॅडम हायत, काकी. कायतरी सांगाया आल्यात."

"बस बाय. पानी घे. मधू, तू का उबा? बस ना."

तो बसला नाही. मी पाणी प्याले आणि सांगायला सुरुवात केली. आधी हवेतल्या ऑक्सिजनचं सांगितलं, मग नायट्रोजनचं, मास्कमधल्या कोळशाचं. त्यांना सोप्या शब्दांत सांगत होते, पण मी किती वेळ हवेबद्दलच बोलतेय हे माझ्या लक्षात येत होतं. मग दोरीचं सांगितलं. ती कुठं लटकत होती तेही. मग फिल्मचं, आणि सगळ्यात शेवटी कॅसेटचं. मार्चमध्येच मला कळलं होतं आणि मी गप्प राहिले, हे शेवटचं वाक्य होतं.

मालतीबाईंचे हात जवळ्यात तसेच होते.

"पडला तेवा त्याला कलला असंल?" त्यांनी विचारलं.

"नाही. दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते. गुदमरल्यासारखं वाटत नाही. त्याला काही कळलं नसणार."

"दुकला नसंल."

"नाही."

"ह्या खरा सांगतेस का मला बरा वाटावा म्हनून?"

"खरं सांगते."

त्यांनी मान हलवली. मग मधुकरकडे बघितलं.

"मधू, तू जा घरा."

"काकी, मला ठावक नव्हता—"

"ठावक नव्हता, ते मी आयकला. तुला काय बोलते का मी? पन जा. नि जेवाया येऊ नको. मी बोलवीन तेवा ये. नाय बोलवला तं नको येऊ."

तो पायऱ्या उतरला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला तरी त्यानं वळून बघितलं नाही. मालतीबाईंनी सूप बाजूला सरकवलं. मीही उठले.

"तू खाली बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्या गल्लीकडे बघत होत्या. पाच-दहा मिनिटांनी एक तरुण बाई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात तीनेक वर्षांच्या मुलीचं बोट धरून आली. मालतीबाईंनी मुलीला आत पाठवलं.

"मनस्वी, इकडं ये. ही कंपनीतली बाय हाय. हिच्यासमोर बस."

मनस्वीनं पिशवी खाली ठेवली आणि बसली. दिपेशची बायको माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असेल. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे.

"काय झाला, आय?"

"आता सांगंल ती," मालतीबाई म्हणाल्या. "बाय, परत सांग. पयल्यापासून. काय सोडू नको."

या वेळी मी हवेपासून सुरुवात केली नाही. माझं नाव सांगितलं, आणि तीन मार्चच्या संध्याकाळी मी काय करत होते ते सांगायला लागले.